पायरी आधीच मोडलेली होती : शेतात पडणं आणि ते थांबवणं

(या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. अडखळणं आणि मधेच भुंकणारं आमच्या गल्लीतलं कुत्रं, तेवढं काढून टाकलंय.)

 

तुम्ही हे कुठं ऐकताय मला माहीत नाही. कोणी परभणी-जिंतूर बसमध्ये असेल, कोणी पुण्याला रूमवर पडून, कोणी आखाड्यावर मोटार चालू करून बांधावर बसलेलं. जे बांधावर बसलेत त्यांना आधीच सांगतो, एक कान मोकळा ठेवा. का, ते पुढं कळेल.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? विषय आहे पडणं. प्रेमात नाही. शिडीवरून, झाडावरून, ट्रॉलीवरून, विहिरीत. आपल्याकडं माणूस पडला की आपण म्हणतो, "पडला बिचारा, वेळच आली होती." आणि चहा प्यायला लागतो. मी पण तसंच म्हणायचो. मग आमच्या आखाड्यावर एक माणूस पडला, आणि त्यात माझा हात होता. म्हणजे, हात नव्हता. तिथंच सगळी गोष्ट आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट

आमची शेती जिल्ह्यातच आहे, गावाचं नाव घेत नाही. आमच्याकडं तेव्हा एक सालगडी होते. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, सालगडी म्हणजे गुढीपाडव्याला ज्याचं साल ठरतं, वर्षाचे पैसे ठरतात, काही उचल आधीच दिली जाते, आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या शेतावर. मी त्यांना काका म्हणतो. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेत नेणारे तेच.

मे महिन्याचा शेवट होता. बारावीची परीक्षा देऊन मी घरी. उकाडा तुम्हाला माहितीच आहे. परभणीचा मे म्हणजे तव्यावर पाय ठेवल्यासारखं. चार वाजता एकदम आभाळ आलं. वारं सुटलं. आणि आखाड्यावर कडब्याची गंजी उघडी. वर्षभराचा जनावरांचा चारा तो. भिजला तर काळा पडतो, जनावर तोंड लावत नाही. अण्णा ओरडले, "ताडपत्री टाका!"

गंजी असेल दहा-अकरा फूट. शिडी होती बांबूची, आमच्या आजोबांच्या वेळची. तिची वरून तिसरी पायरी मोडलेली, ती सुतळीनं बांधलेली. हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णांना माहीत, काकांना माहीत, मला माहीत. चढताना सगळे ती पायरी सोडून वरच्या पायरीवर पाय टाकायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ती मोडकी आहे असं वाटेनासंच झालं होतं.

काका वर गेले, एका हातात ताडपत्रीचं टोक. मला सांगितलं, "शिडी धर." मी धरली. आणि माझा फोन वाजला. आमच्या आखाड्यावर रेंज लिंबाच्या झाडाखालीच येते, बाकी कुठं नाही. मित्राचा फोन होता, काही महत्त्वाचा नव्हता. मी शिडी सोडली आणि लिंबाकडं दहा-बारा पावलं गेलो.

वाऱ्यानं ताडपत्री फुगली, शिडाच्या होडीसारखी. काकांचा तोल गेला, पाय नेमका त्या सुतळीच्या पायरीवर आला, आणि शिडी बाजूला सरकली. मी आवाज ऐकला. मी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. तो आवाज मला अजून येतो.

काका पाठीवर पडले होते. खाली दगड नव्हता, साधी जमीन होती. पण उन्हाळ्यातली काळी जमीन ती, दगडच म्हणा.

मग आम्ही दुसरी चूक केली

इथं नीट ऐका, हा भाग सगळ्यात कामाचा आहे.

आम्ही धावलो. चार जण जमले. कोणी म्हणालं उठवून बसवा, कोणी म्हणालं पाणी पाजा. आम्ही त्यांना बसवलं. पाणी पाजलं. मग दोघांनी काखेत हात घालून आणि दोघांनी पाय धरून उचललं, मधे पाठ झोळीसारखी लोंबती. छोटा हत्ती बोलावला, त्यात झोपवलं, आणि खड्ड्याखड्ड्यातून दवाखान्यात.

पाठीचा मणका मोडला होता. ऑपरेशन झालं. काका आज चालतात, पण काठी घेऊन, आणि उजवा पाय ओढत. तो पाय पडण्यानं गेला की आमच्या उचलण्यानं, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, आता त्याचं उत्तर शोधून काय करणार? पण पुढच्या वेळी असं उचलू नका.

तर पुढच्या वेळेसाठी सांगतो.

उंचावरून माणूस पडला तर पहिली गोष्ट, त्याला हलवू नका. बसवू नका, उभं करू नका, "काही नाही झालं, चाल चाल" करू नका. तो जिथं पडलाय तिथं साप, आग, पाणी, चालू यंत्र असा धोका नसेल तर तिथंच राहू द्या. एकानं डोक्याजवळ गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान स्थिर धरायची, आणि बोलत राहायचं. "हलू नका, गाडी येऊ लालीय."

दुसरी गोष्ट, 108 लावा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात 2014 पासून आहे, फुकट आहे. फोनवर गावाचं नाव सांगून थांबू नका. शिवाराची खूण सांगा: कोणता पांदण रस्ता, कोणत्या मंदिरापासून आत, कोणाचा आखाडा. आणि एका पोराला मोटारसायकल देऊन डांबरी रस्त्यावर उभं करा. आपल्या भागात गाडी वेळेवर येऊनसुद्धा आखाडा सापडत नाही म्हणून उशीर होतो.

तिसरी गोष्ट, गाडी येतच नसेल आणि हलवावंच लागलं, तर बाजेवर टाकू नका. बाज खाली झुकते, पाठ वाकते. दार काढा. खरंच, बिजागरीतून दार काढा, नाहीतर रुंद फळी घ्या. एक जण डोकं-मान धरणार, तीन जण एका बाजूला, खांदा, कंबर आणि पाय असे. डोक्याजवळचा माणूस म्हणणार "एक, दोन, तीन", आणि सगळ्यांनी मिळून एखादा ओंडका वळवावा तसं अंग एका रेषेत कुशीला करायचं, फळी खाली सरकवायची, परत वळवायचं. मग दोरीनं, धोतरानं, ओढणीनं बांधायचं.

चौथी गोष्ट, पाणी नाही, चहा नाही. ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते, आणि गुंगीत असलेल्या माणसाच्या घशात पाणी अडकून जीव जाऊ शकतो.

पाचवी गोष्ट, डोक्याला मार असेल आणि माणूस उठून "मला काही नाही झालं" म्हणत घरी गेला, तरी एक दिवस एक रात्र त्याच्यावर लक्ष ठेवा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, एक बाहुली मोठी आणि एक लहान, नाकातून-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं की लगेच मोठा दवाखाना. "झोपू द्या, थकलाय" असं म्हणून गेलेली माणसं आपल्या गावोगावी आहेत.

हे फक्त आमच्याच आखाड्यावर होत नाही

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा नंबर पडण्याचाच. आणि यातले 80 टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणी.

आपण म्हणतो ना, जगात जर्मनी आणि भारतात परभणी. बरं मग, परभणीचा माणूस कुठून कुठून पडतो ते बघू.

पहिलं, विहीर. 4 एप्रिल 2025 ची सकाळ आठवते का? नांदेड तालुक्यातलं आलेगाव शिवार. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायांना कामाला घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बायांचा जीव गेला. तिघं वाचले. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा होईपर्यंत तो आपलाच परभणी जिल्हा होता. पूर्णा तालुक्याच्या शेजारचं गाव. सकाळी डबा बांधून निघालेल्या बाया होत्या त्या. मदत जाहीर झाली, पेपरात आलं, स्टेटस ठेवले गेले. पण मला सांगा, त्यानंतर तुमच्या शिवारातल्या किती विहिरींना कठडा झाला?

आपल्याकडच्या कितीतरी विहिरी जमिनीच्या बरोबरीला आहेत. कठडा नाही, आणि काठावर गवत. पावसाळ्यात तर विहीर कुठं संपते आणि जमीन कुठं सुरू होते ते कळत नाही. त्यात रात्रीची लाईट. शेतीला थ्री फेज रात्री येते तेव्हा माणूस अंधारात मोटार चालू करायला जातो, एका हातात मोबाईलची बॅटरी, पायाखाली चिखल. म्हणून दिवसा लाईट द्या ही मागणी नुसती सोयीची नाही, ती जिवाची आहे.

दुसरं, शेततळं. हा नवा धोका. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आलं, तळी झाली, पिकं वाचली, चांगलंच झालं. पण अस्तरीकरणाचा तो प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं. त्यात पाय गेला की पोहता येणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं. आणि पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा.

तिसरं, गाडी. ट्रॉलीत माल, मालावर माणसं, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोघं. सोयाबीनच्या दिवसांत संध्याकाळी कोणत्याही रस्त्यावर बघा. आणि ऊस. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या गावातून, तांड्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या जातात. तिथं डोक्यावर उसाची मोळी घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. रात्री, दव पडलेलं, फळी ओली. हात दोन्ही मोळीला, धरायला काही नाही. गरोदर बायासुद्धा ती फळी चढतात. कामाची रचनाच अशी आहे की माणूस पडला नाही तर नवल.

चौथं, झाड. चिंचा झोडायला, शेळ्यांना पाला काढायला, आंबे उतरवायला. आणि पाचवं, ज्याला आपण धोका मानतच नाही, साधी सपाट जमीन. ओली काळी माती पायाला किलो किलो चिकटते, पाय उचलत नाही. ठिबकच्या नळ्या, वायरी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे बुडखे. त्यात डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला पायाखालचं दिसत नाही. पडली की खुबा किंवा मनगट.

"जपून कर" म्हणून भागत नाही

काका पडल्यावर गावात सगळे काय म्हणाले माहितीये? "त्यानंच जपून चढायला पाहिजे होतं." सहा वर्षं मी यावर विचार करतोय. माझं मत असं झालंय की "जपून कर" हा सल्लाच नाही. ती जबाबदारी ढकलायची पद्धत आहे. ज्याच्या शेतात मोडकी शिडी आहे, तो पडणाऱ्याला म्हणतो जपून. जपायला सांगायला पैसे लागत नाहीत, शिडीला लागतात.

माणूस दिवसभर जपू शकत नाही. 43-44 अंशांत सकाळपासून राबलेला माणूस चार वाजता चक्करतोच. अंगात रक्त कमी असलेली, उपाशीपोटी आलेली बाई चक्करते. औषध फवारून आलेला माणूस चक्करतो. आणि कोणी थोडी घेऊन आलेला असेल, तर तोही चढतोच, कारण त्याला नाही म्हणायची हिंमत कोणी करत नाही. म्हणून उपाय असा पाहिजे की माणूस थकलेला असला, घाईत असला, तरी पडू नये. किंवा पडला तरी मरू नये.

तर क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी विचारा, चढायची गरजच आहे का? गंजी अकरा फूट उंच रचण्याऐवजी सहा फूट उंच आणि लांब रचा. जागा जास्त जाईल, माणूस वर जाणार नाही. ताडपत्री आधीच एका बाजूनं बांधून गुंडाळून ठेवा, आभाळ आलं की जमिनीवरून दोरीनं ओढायची. आमच्याकडं आता असंच करतात. इतकं सोपं होतं ते. पाल्याला लांब बांबूची आकडी, आंब्याला झेला. नवीन बाग लावत असाल तर झाडं छाटून बुटकी ठेवा, फळ हाताला आलं पाहिजे.

चढायचंच असेल तर शिडी. पायरी मोडली की शिडी संपली. सुतळी बांधू नका. चुलीत घाला, म्हणजे मोहच राहणार नाही. शिडी लावताना चार हात उंचीला एक हात, असं बूड बाहेर घ्या. फार उभी लावली तर मागं उलटते, फार तिरपी लावली तर बूड सरकतं. वरचं टोक जिथं उतरायचंय त्याच्या तीन फूट वर गेलं पाहिजे, आणि ते दोरीनं बांधलं पाहिजे. बूड मुरमाड किंवा कडक जागेवर, खुंटी ठोकून. चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, तीन गोष्टी कायम शिडीला. हातात सामान नाही. सामान दोरीनं नंतर ओढायचं. वारं सुटलं की चढायचं नाही. कडबा भिजला तर भिजू द्या. हे मी शेतकऱ्याचा पोरगा असून म्हणतोय.

विहीर. कठडा कमरेच्या वर येईल असा बांधा. पैसे नसतील तर आज संध्याकाळी होण्यासारखं काम सांगतो: काठापासून दहा-पंधरा फुटांवर बाभळीच्या काट्याचं कुंपण, आणि चुना लावलेले मोठे दगड, म्हणजे रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात दिसतील. त्या दगडांच्या आत चाक जाणार नाही, हा नियम. मोटारीचा स्टार्टर विहिरीच्या काठावर नको, लांब घ्या.

विहीर असो की शेततळं, एक गोष्ट कायम तिथं पाहिजे. जाड नायलॉनचा दोर, दर हातभर अंतरावर गाठ मारलेला, एक टोक झाडाला किंवा पक्क्या खुंट्याला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन. तळ्यात तर असे दोर चारी बाजूंनी कायमचे पाण्यात सोडून ठेवा, आणि तळ्याला भोवती कुंपण घाला. कोणी पडलं तर उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. आणि जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत माणूस बेशुद्ध पडला असेल तर तोंड बांधून खाली उतरायचं नाही. आत विषारी हवा असू शकते, तिथं फडकं काही कामाचं नाही. अग्निशमन दल बोलवा.

ट्रॉली. मालावर माणूस नाही, मडगार्डवर माणूस नाही. हे ऐकून तुम्ही हसाल, कारण मग मजूर आणायचे कशात? ऑटोत आणा, दोन फेऱ्या करा, नाहीतर भाडं द्या. कामाला येणाऱ्या बायांनी पण एक गोष्ट टोळीनं ठरवली पाहिजे: ट्रॅक्टर शिकाऊ पोराच्या हातात असेल तर बसायचं नाही. एकटी बाई म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिला बोलवत नाहीत. दहा जणी म्हणाल्या तर ऐकावंच लागतं.

पैशाचं काय झालं

काकांचं साल नुकतंच सुरू झालं होतं. उचल घेतलेली होती. काका दवाखान्यात, आणि आमच्या घरात पंधरा दिवस वाद, त्या उचलीचं काय करायचं. मला सांगायला लाज वाटते, पण झाला वाद. शेवटी अण्णांनी उचल सोडली आणि दवाखान्याचा बराचसा खर्च केला. पण ते त्यांच्या मनावर होतं. काकांच्या हक्काचं काहीच नव्हतं.

मी तेव्हा योजना शोधल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. आधी ती विमा होती, एप्रिल 2023 पासून सरकार थेट सानुग्रह अनुदान देतं. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर 1 लाख. वय 10 ते 75. उंचावरून पडणं, पाण्यात बुडणं यात बसतं. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. पण ती कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला, आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. काकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. ज्याची शेती तो जमिनीवर उभा, तो संरक्षित. जो शिडीवर, तो नाही.

दुसरी, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला 20 रुपये, बँक खात्यातून कापले जातात, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. याला सातबारा लागत नाही. मुदत 1 जून ते 31 मे. काकांनी घेतला नव्हता, कोणी सांगितलंच नव्हतं. घेतला असता तरी एक गोष्ट लक्षात घ्या: हे सगळे पैसे माणूस मेल्यावर किंवा अवयव पूर्ण गेल्यावर मिळतात. काका चालतात. पाय ओढत, पण चालतात. म्हणून ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. शेतातल्या पडण्याची बरीचशी दुखणी अशीच असतात, रकान्यात न बसणारी. म्हणून विमा काढाच, पण विम्यावर विसंबून शिडी मोडकी ठेवू नका.

आणि एक. 2025 पर्यंत 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा होता, त्यात ट्रॅक्टर किंवा वीज-इंजिनावर चालणाऱ्या यंत्रानं होणाऱ्या शेतीत कामाला असलेल्या माणसाचा उल्लेख होता. असा अपघात झाला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते न्यायालयाच्या आवारातच असतं. बायांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथं वकील फुकट मिळतो.

काका काय म्हणाले

हा भाग करायच्या आधी मी काकांकडं गेलो. आता त्यांच्याकडं पाच-सहा शेळ्या आहेत, काकू मजुरीला जातात. मी सांगितलं, मी तुमच्याबद्दल बोलणार आहे, नाव घेणार नाही, चालेल का? आणि मग सहा वर्षांत जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. की त्या दिवशी मी शिडी सोडली होती. घरात मी सांगितलं होतं की मी धरलेली असताना सरकली.

काका तंबाखू मळत होते. वर न बघता म्हणाले, "मला ठाऊक हाय की. वरून सगळं दिसत हुतं. तू लिंबाकडं चालला हुता."

मी म्हणलं, मग तुम्ही बोलला का नाहीत कोणाला?

"बोलून काय पाय नीट व्हनार हुता? आन् पायरी काय तू मोडली हुती का? ती तर दोन वर्सापासून सुतळीनं बांधेल हुती. तुझ्या बापाला बी ठाऊक, मला बी ठाऊक. म्या बी कधी म्हनलो न्हाई, नवी शिडी आना म्हनून. सालगड्यानं कसं म्हनावं?"

मला वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मी शिडी सोडली हे खरंच आहे, ते काकांच्या बोलण्यानं पुसलं जात नाही. पण त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. सालगड्यानं कसं म्हणावं. तो म्हणू शकत नाही, तर मग आपण म्हणायला पाहिजे. आपण म्हणजे मी, तुम्ही, ज्यांच्या हातात फोन आहे आणि घरात ज्यांचं थोडंफार ऐकतात.

म्हणून एक काम देतो. अवघड नाही. या रविवारी आखाड्यावर जा. तीन फोटो काढा: माणूस जिथून पडू शकतो अशा तीन जागा. मोडकी पायरी, उघडी विहीर, दोर नसलेलं तळं, जे दिसेल ते. ते फोटो घरच्या ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, "हे कधी करायचं?" अण्णा रागावतील. माझे रागावले होते. पण फोटो पुसला जात नाही, रोज दिसतो. आमची नवी शिडी अशीच आली. आणि तुमच्याकडं कामाला येणाऱ्या काका-काकूंना बँकेत घेऊन जा, 20 रुपयांचा विमा चालू आहे का पासबुकात बघा. नसेल तर फॉर्म तुम्ही भरा.

आणि शिडी धरायला सांगितली, तर फोन खिशात ठेवा. वाजू द्या. नंतर लावता येतो.

तर, बांधावर बसून ऐकणारे, दोन्ही इयरफोन काढा आता. मोटार बंद करायची असेल. काठाकाठानं जाऊ नका, लांबून जा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.